संगणक आला, पण वीजबिल कोणी भरायचे?

सन २०१८ च्या जून महिन्यात आमच्या वस्तीत दहा संगणक आले. बुद्धविहाराच्या मागे पत्र्याची अभ्यासिका आहे, तेथे ते बसवायचे होते. टेम्पोतून खोकी उतरू लागली तेव्हा शाळा सुटलेली पोरे दप्तरासह पावसात उभी राहून खोकी मोजत होती. दोन दिवसांनी कंपनीची माणसे आली. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले, फीत कापली गेली, महिला मंडळाने पोहे केले. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी एका लहान मुलीला खुर्चीवर बसवले, तिचा हात माउसवर ठेवला आणि फोटो काढून घेतला. मागचा फ्लेक्स एवढा मोठा होता की खिडकीच झाकली गेली. (तो फ्लेक्स मात्र टिकाऊ निघाला. अभ्यासिकेच्या गळक्या कोपऱ्यावर तो अजून आहे.)

हे आम्ही कुचेष्टेने लिहीत नाही. त्या दिवशी आम्हालाही आनंद झाला होता. आम्ही स्वतः संगणक शिकलो ते नोकरीला लागल्यावर, आणि तेही एकदा अख्ख्या महिन्याचे पगारपत्रक पुसून टाकल्यावर. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ नये एवढेच मनात होते.

कंपनीने हे काम एका संस्थेमार्फत केले होते. संस्थेने शिकवायला शेजारच्या वस्तीतील एक तरुण मुलगी नेमली. पोरे तिला ताई म्हणत. दुपारी चार ते रात्री आठ ती अभ्यासिकेत असे. मराठीत टंकलेखन, ईमेल, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, जातीचा दाखला कसा चढवायचा, हे सारे तिने शिकवले. सायबर कॅफेवाला एका अर्जाचे किती घेतो हे ज्या घरांनी भोगले आहे, त्यांना या ताईचे मोल सांगायला नको.

वर्ष भरले. प्रकल्प संपला असे पत्र आले. ताईचा पगार थांबला, ती एका कॉल सेंटरात लागली. इंटरनेटचे पैसे थांबले. वीजबिल मात्र विहाराच्या नावावर येत राहिले, आणि ते कोणी भरायचे यावरून आमच्या कार्यकारिणीत दोन गट पडले. एक गट म्हणे, वर्गणी काढू. दुसरा म्हणे, कंपनीने दिले तर कंपनीनेच भरावे. तीन बैठका झाल्या, चहा बराच संपला, बिल तसेच राहिले. शेवटी संस्थेच्या माणसाने येऊन खोलीला कुलूप लावले आणि किल्ली नेली.

मग मार्च २०२० आला. टाळेबंदी लागली आणि जूनपासून शाळा मोबाईलवर भरू लागली. आमच्या गल्लीत एका घराला एक फोन, तोही बापाकडे. बाप वॉचमन असला तर फोन रात्रपाळीला त्याच्याबरोबर जाई. सकाळी तो येऊन झोपला की मुले त्याच्या उशाखालून फोन काढून धडे उतरवून घेत. दहावीतली एक मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, तिथे आत दहा कॉम्प्युटर आहेत ना?" आम्ही संस्थेला फोन केला. उत्तर आले, वरून परवानगी नाही. पुन्हा केला, तर साहेब घरून काम करतात असे समजले. पोरे फोनसाठी भांडत होती आणि दहा संगणक कुलपाआड धूळ खात होते.

त्याच दिवसांत केरळातून एक बातमी आली. १ जून २०२० रोजी तेथे दूरचित्रवाणीवरून व इंटरनेटवरून वर्ग सुरू झाले. मलप्पुरम जिल्ह्यातील नववीतल्या एका दलित मुलीने त्याच दिवशी आपले जीवन संपवले. बाप रोजंदारीवरचा. घरचा टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता. अभ्यासात हुशार अशी ती मुलगी होती. त्यानंतर केरळात संघटनांनी, लोकांनी, व्यापाऱ्यांनी घरोघरी टीव्ही पोहोचवले. ते चांगलेच झाले, पण एक मुलगी गेल्यावर झाले.

अशी घरे किती, याचा अंदाज सरकारला नव्हता असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनेच सांगितले होते की, ग्रामीण भागात शंभरातील जेमतेम ४ ते ५ घरांत संगणक आहे आणि शहरी भागात २३ घरांत. इंटरनेटची सोय खेड्यात शंभरापैकी १५ घरांना, शहरात ४२ घरांना. हे आकडे छापलेले असतानाच शाळा मोबाईलमध्ये गेली.

२०२१ च्या सुरुवातीस तोच टेम्पो पुन्हा आला आणि दहाही संगणक भरून घेऊन गेला. दुसऱ्या ठिकाणच्या प्रकल्पाला हवेत, एवढेच कारण. वस्तीतील तरुण चिडले, टेम्पो अडवायची भाषा झाली. आम्ही पेशाने कारकून. राग आला की आम्ही कागद काढतो. संगणक नक्की कुणाचे होते, हा प्रश्न आम्ही त्या रात्री वहीत लिहिला आणि उत्तर शोधू लागलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण अशी खोकी तुमच्याही वस्तीत येत असतील.

पहिली गोष्ट, हा पैसा म्हणजे कुणा शेठजीच्या मनाचा मोठेपणा नव्हे. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचे नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे. म्हणजे सरासरी नफा ५० कोटी असेल तर १ कोटी. यालाच लोक सीएसआर म्हणतात. खर्च कशावर करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यात शिक्षण आहे, रोजगाराची कौशल्ये आहेत, झोपडपट्टी विकास आहे आणि सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या गटांची विषमता कमी करण्याचे उपायही आहेत. कंपनीचे काम जेथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कलमात म्हटले आहे. सन २०२३-२४ या एका वर्षात देशातील कंपन्यांनी या कलमाखाली तीस हजार कोटींहून अधिक रुपये खर्च केले आणि शिक्षण हा त्यातील मोठा भाग.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. दोन टक्के कायद्याने आहेत म्हणजे अमुक वस्तीला द्याच, असा हक्क आपल्याला मिळत नाही. कुठे द्यायचे हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. शाळेत संगणक, शिक्षक आणि वीज देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ती कंपनीच्या गळ्यात घालून सरकारला मोकळे सोडणे आपल्याला परवडणारे नाही. परंतु हिशेब पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. कंपनीने आपले सामाजिक धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करायचे असतात. वार्षिक अहवालाला त्याचे जोडपत्र असते. आम्ही त्या कंपनीचे जोडपत्र काढले. आमची अभ्यासिका तेथे एका ओळीत होती: शिक्षण, मुंबई, रक्कम, आणि 'पूर्ण'. संचालकांच्या दृष्टीने ते काम खरोखरच पूर्ण झाले होते. संगणक विकत घेतले गेले होते, पावती होती, फोटो होता.

दुसरी गोष्ट मालकीची. २२ जानेवारी २०२१ रोजी सीएसआरचे नियम बदलले. आता या पैशातून घेतलेली टिकाऊ मालमत्ता कंपनीला आपल्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटीकडे असावी, सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी, किंवा ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे त्यांच्या बचत गटाकडे वा समूहाकडे असावी. बचत गट हा शब्द नियमात आहे हे आम्ही महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एका मावशींनी ते पुन्हा वाचायला लावले.

आमच्यापुरतेच हे घडले असेही नाही. दिल्लीत कालकाजी येथे १९९९ साली एनआयआयटी या कंपनीच्या सुगत मित्र यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडपट्टीच्या दिशेने एक संगणक बसवला. पोरांनी कुणी न शिकवता तो चालवायला घेतला, त्याची जगभर वाहवा झाली. पुढे दिल्ली सरकारच्या सहकार्याने एका गरीब वस्तीत असे पाच संगणकांचे केंद्र उभे राहिले. मार्क वॉर्शॉअर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ते पाहून लिहिले की, इंटरनेट क्वचितच चाले, हिंदीत काही नव्हते, मुले बहुधा चित्रे काढत वा खेळ खेळत, आणि पूर्वी शाळेत बरा असलेला मुलगा आता मोकळा वेळ खेळातच घालवतो अशी पालकांची तक्रार होती. वाचताना आम्हाला आमच्याच गल्लीतल्या आया आठवल्या. वीस वर्षांत संगणकाचा मोबाईल झाला, तक्रार तीच आहे.

उलट एक उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवरचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगल आणि रेल्वेच्या मालकीची रेलटेल कंपनी यांनी मोफत वायफाय सुरू केले, ते पुढे चारशेहून अधिक स्थानकांवर गेले. एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने डोक्यावर ओझे आणि कानात अभ्यासाचे धडे असे करत २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. २०२० मध्ये गुगलने अंग काढून घेतले. डेटा स्वस्त झाला, आता गरज उरली नाही, असे कारण दिले. यात दान किती आणि आपले ग्राहक वाढवण्याचा हिशेब किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण वायफाय बंद पडले नाही, कारण तारा आणि यंत्रणा रेलटेलची होती आणि तिने ते चालू ठेवले. आमच्या अभ्यासिकेत मागे उभे राहणारे असे कुणीच नव्हते.

आता ताईकडे वळतो. ती गेल्यावर काय गेले हे आम्हाला उशिरा कळले. संगणक शिकवणे हे तिचे अर्धे काम होते. एकदा आठवीतली एक मुलगी तीन दिवस कोपऱ्यात गप्प बसून राहिली. ताईने इतर मुले गेल्यावर तिला थांबवले. कुणीतरी तिचा चेहरा भलत्याच फोटोवर चिकटवला होता आणि पाठवीन म्हणून धमकावत होता. आईला सांगितले तर फोन काढून घेतील आणि शाळाही बंद होईल ही भीती. ताईने आधी मुलीला पाणी दिले, मग आईला बोलावून समजावले, मग तिघी मिळून पोलीस ठाण्यात गेल्या. आणखी एका पोराने खेळात आईच्या खात्यातले पैसे घालवले होते, तेही त्याने आधी ताईलाच सांगितले. बापाचा पट्टा पडण्याआधी कुणाला तरी सांगता येणे हे त्या वयात फार मोठे असते. कंपनीच्या जोडपत्रात या कामाला रकाना नव्हता.

हल्ली फोन घरोघरी आले. २०२५ च्या सरकारी पाहणीत ८५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांत निदान एक स्मार्टफोन आढळला. तेव्हा आता कशाला संगणक केंद्र, असे कंपन्या म्हणू लागल्या आहेत. पण घरात फोन असणे आणि मुलीच्या हातात असणे यात अंतर आहे. असर या पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना विचारले, तर स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात सुमारे ४४ आणि मुली सुमारे २० निघाल्या. २०२४ च्या असरमध्ये फोन वापरता येणारी १४ ते १६ वयाची शंभरातील ७६ मुले आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांवर होती आणि अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७. आपल्या वस्तीत मुलीचा फोन काढून घेण्याने प्रश्न सुटतो असे मानणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, भीती खरी आहे. पण अर्ज, निकाल, प्रवेश, शिष्यवृत्ती सारे फोनमध्ये गेल्यावर फोन काढून घेणे म्हणजे मुलीचे बरेच काही काढून घेणे होते.

२०२३ मध्ये आम्ही स्वतःहून कंपन्यांना पत्रे लिहिली. या वेळी संगणक शेवटच्या ओळीत ठेवले. पहिल्या ओळीत ताईचा पगार, दुसरीत वीजबिल, तिसरीत इंटरनेट, चौथीत दुरुस्ती, पाचवीत महिन्यातून दोनदा समुपदेशकाची भेट. दोन कंपन्यांनी उत्तरच दिले नाही. तिसरीच्या मॅडम येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "काका, डिव्हाइससाठी आमच्याकडे बजेट आहे. माणसाच्या पगारासाठी नाही. पाच टक्क्यांची मर्यादा असते ना."

आम्ही फाईल उघडली. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या सीएसआर विभागाच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या खुलाशात शिक्षणाच्या प्रकल्पातील शिक्षकांचा पगार प्रकल्पखर्चात धरता येतो असे उदाहरणच दिले आहे. मॅडमनी तो कागद मोबाईलवर टिपून घेतला. तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा बोलल्या, "मॅडम, मागे एकांनी शिलाई मशिनी दिल्या, शिकवणारी दिली नाही. त्यावर आम्ही लोणच्याच्या बरण्या ठेवतो." मॅडम हसल्या. आम्हाला वाटते, आमच्या कागदापेक्षा बरण्यांनीच काम केले.

वस्तूचा फोटो निघतो, पगाराचा निघत नाही, ही कंपनीचीही अडचण असते हे आम्ही मान्य करतो. म्हणून दर तिमाहीला किती मुले आली, किती अर्ज भरले, किती मुली टिकल्या याचा तक्ता आम्हीच देऊ असे लिहून दिले. एक अट मात्र आम्ही घातली. समुपदेशकाशी मुले काय बोलली हे तक्त्यात येणार नाही, आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांचे फोटो निघणार नाहीत. यावर महिनाभर पत्रव्यवहार झाला.

मागितले त्याच्या निम्मे मिळाले. सहा संगणक, ताईचा पगार, वीज आणि इंटरनेट. समुपदेशक नामंजूर झाला. त्याची भरपाई म्हणून अभ्यासिकेच्या दारामागे, मुलांना एकट्याने वाचता येईल अशा ठिकाणी, आम्ही क्रमांक लिहून ठेवले आहेत: मन अस्वस्थ असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६, ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि पैसे लागत नाहीत, लहान मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे क्रमांक वाचकांनीही घरी लिहून ठेवावेत. ते ताईची जागा घेत नाहीत, पण रात्री दोन वाजता ताई नसते.

ज्या मंडळांना असा प्रयत्न करायचा आहे त्यांनी आधी आपले घर पाहावे. कंपनीच्या पैशाने काम करणाऱ्या संस्थेला १२ए व ८०जी ही आयकराची नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक लागतो. विहाराचा ट्रस्ट धार्मिक म्हणून नोंदलेला असेल तर ८०जी मिळण्यात अडचण येते, त्याकरिता शिक्षणाची वेगळी सोसायटी बरी. आमच्याकडे धर्मादाय आयुक्तांकडील चेंज रिपोर्ट दोन गटांच्या भांडणात सहा वर्षे अडकला होता, लेखापरीक्षण चार वर्षांचे बाकी होते. शेवटी दुसऱ्या एका संस्थेच्या नोंदणीवर काम करावे लागले. मात्र संगणकांची मालकी 'सावित्रीच्या लेकींच्या' हाती, म्हणजे वस्तीच्या बचत गटाकडे आहे, आणि किल्ली त्याच्या सचिव मावशींच्या कमरेला.

चार ते सहा ही वेळ फक्त मुलींची. मुलगे कुरकुरले, दाराबाहेर उभे राहून शिट्ट्याही झाल्या, मग मावशींनी एकदा बाहेर येऊन त्यांच्याकडे नुसते पाहिले. टाळेबंदीत आम्हाला प्रश्न विचारणारी ती दहावीतली मुलगी आता बी.कॉम. झाली असून शनिवारी येऊन लहानांना हिशेब शिकवते. जुनी ताई परत आली नाही, कॉल सेंटरात तिला बढती मिळाली. नवी ताई आहे. मुले तिच्याशी अजून तितकी मोकळी झालेली नाहीत, त्याला वेळ लागेल.

करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. असा चालू प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षे चालवता येतो, म्हणजे आमची मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत. त्यानंतर कंपनी राहील असे आम्ही धरून चाललेलो नाही. बचत गटाने दर घरामागे महिना दहा रुपये असे वीजबिलाचे वेगळे खाते उघडले आहे. सगळी घरे देत नाहीत. कोणी दिले, कोणी नाही आणि बिल किती आले हे दर महिन्याच्या पाच तारखेला अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहिले जाते, आणि ज्यांची नावे दुसऱ्या रकान्यात असतात ते सहसा सहा तारखेला येतात.